न हलणारं चित्र बघायला शिका : गंभीर ॲनिमेशनपटांची पहिली ओळख

‘कार्टून’ म्हणून आजवर बाजूला ठेवलं, पण आता कुणीतरी ‘हे एकदा बघच’ म्हणून मागे लागलंय, अशा प्रेक्षकांसाठी हा लेख आहे. घर ठाण्यात किंवा नवी मुंबईत आहे, बऱ्यापैकी टीव्ही आहे आणि महिन्यातून एखाद-दोन संध्याकाळी रिकाम्या मिळतात, एवढंच गृहीत धरलंय. चित्रकला येण्याची अट नाही.

ॲनिमेशन किती ‘स्मूद’ हलतं यावर नवखा प्रेक्षक त्याचा दर्जा ठरवतो. मुरलेला प्रेक्षक काय हललं नाही, किती वेळ हललं नाही आणि का, तेही बघतो. कॅमेऱ्यासमोर नट उभा राहिला की त्याचा श्वास, लवणारी पापणी, कपाळावर आलेली बट हे सगळं दिग्दर्शकाला फुकट मिळतं. इथं फुकट काहीच नाही. पापणी लवली तर कुणीतरी ठरवून लववली आहे. लवली नाही, तर तेही कुणीतरी ठरवलं आहे. न हलणाऱ्या चित्राला या धंद्यात ‘होल्ड’ म्हणतात. पैसे वाचवायला ठेवलेला होल्ड आणि अर्थासाठी ठेवलेला होल्ड यांतला फरक दिसायला लागला की गंभीर ॲनिमेशनची गोडी आपोआप लागते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी : टीव्हीचं सेटिंग

चित्रपट निवडायच्या आधी रिमोट हातात घ्या, कारण बऱ्याच टीव्हींचं कंपनीतून आलेलं सेटिंग ॲनिमेशनची वाट लावतं.

सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सहसा सेकंदाला १२च चित्रं असतात आणि प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकतं. याला ‘टूजवर’ काम करणं म्हणतात. संथ प्रसंगात तेच चित्र तीन चौकटी राहतं, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. धावपळीत किंवा कॅमेरा सरकत असताना ‘वन्सवर’ जावं लागतं, म्हणजे पूर्ण २४. कुठे किती, हे ॲनिमेटरनं प्रसंग बघून ठरवलेलं असतं. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनानं आणखी चौकटी घुसवतं. त्यामुळे झटकन वळलेली मान तेल लावल्यासारखी सरकते, थांबलेला हात तरंगायला लागतो आणि बोटांच्या कडेला रेषा फाटल्यासारखी दिसते. ॲनिमेटरनं ठरवलेलं टायमिंग तिथेच संपतं.

ही सोय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावानं देते. एलजीमध्ये ‘ट्रूमोशन’, सोनीमध्ये ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘पिक्चर क्लॅरिटी’ (जुन्या मॉडेलांवर ‘ऑटो मोशन प्लस’). पिक्चर सेटिंगच्या प्रगत किंवा ‘एक्स्पर्ट’ भागात जाऊन ती पूर्ण बंद करा. ‘लो’वर ठेवून भागत नाही. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की यातलं बरंचसं एका फटक्यात होतं.

मग आणखी चार गोष्टी. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ लावा. रंगाचं तापमान ‘वॉर्म’ करा. पहिली दहा मिनिटं पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. ‘नॉइज रिडक्शन’ बंद करा, कारण कागदाचा पोत, पेन्सिलीची रवाळ रेघ, जलरंगाचा ओघळ या सगळ्याला टीव्ही ‘नॉइज’ समजतो आणि पुसून टाकतो. शार्पनेस खाली आणा. एलजी-सॅमसंगवर तो ० ते १० च्या दरम्यान पुरतो. सोनीवर मात्र ५० हाच मूळ आकडा आहे, तो शून्यावर नेलात तर चित्र धुरकट होईल.

इथं हमखास होणारी चूक अशी : ही सेटिंगं बहुतेक टीव्हींवर प्रत्येक इनपुटला वेगळी साठवली जातात. लॅपटॉपच्या एचडीएमआयवर स्मूदिंग बंद केलं तरी टीव्हीतल्याच ॲपवर ते चालू राहू शकतं. ज्या वाटेनं चित्रपट बघणार, त्या वाटेवर चित्र चालू असतानाच सेटिंग उघडा.

खोलीतला ट्यूबलाइट बंद करा आणि टीव्हीच्या मागे एखादा मंद दिवा ठेवा. लोकलमध्ये मोबाइलवर या चित्रपटांची सुरुवात करू नका. हात हलतो, काचेत खिडकी दिसते, आणि जे बघायला शिकायचंय ते बोटभर पडद्यावर दिसतच नाही.

दुसरी पायरी : तासाभरात पाच लघुपट

दोन तासांच्या चित्रपटानं सुरुवात केली की मन गोष्टीत गुंततं आणि चित्र बघायचं राहून जातं. म्हणून आधी लघुपट. त्यातही कमी बोलणारे आधी, कारण सबटायटल वाचायला डोळा खाली गेला की वरच्या हालचाली निसटतात.

नॉर्मन मॅक्लारेन या प्रयोगशील ॲनिमेटरनं ज्या संस्थेत आयुष्यभर काम केलं, ते कॅनडाचं नॅशनल फिल्म बोर्ड आपले शेकडो लघुपट स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट दाखवतं. त्यातले दोन घ्या. इशू पटेल यांचा ‘बीड गेम’ (१९७७) जेमतेम सहा मिनिटांचा आहे. काळ्या पार्श्वभूमीवर नुसते रंगीत मणी सरकवत जीवजंतूंपासून माणसाच्या युद्धापर्यंतचा प्रवास दाखवलाय. पटेल मूळचे गुजरातचे, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून गेलेले. दुसरा कॅरोलिन लीफचा ‘द स्ट्रीट’ (१९७६), दहा मिनिटांचा. घरात आजी अंथरुणाला खिळलेली, आणि ती गेली की तिची खोली आपल्याला मिळणार म्हणून वाट बघणारा नातू. वन रूम किचनमध्ये वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. काचेवर ओला रंग बोटांनी सरकवून हा लघुपट केलाय. एक प्रसंग कापून दुसरा जोडण्याऐवजी एक चित्र विरघळून त्यातूनच पुढचं तयार होतं. त्या घरात कुणालाही स्वतःची जागा नाही, हे सांगायला याहून नेमकी पद्धत सापडणार नाही.

बाकीचे तीन : युरी नॉर्श्तेइनचा ‘हेजहॉग इन द फॉग’ (१९७५, १० मिनिटं), मायकेल डुडॉक द विट यांचा ‘फादर अँड डॉटर’ (२०००, ८ मिनिटं, ऑस्करविजेता) आणि गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६, १५ मिनिटं, कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवलेला). अधिकृत चॅनेलवरचीच प्रत शोधा. कुणीतरी चढवलेल्या प्रतींमध्ये कडा कापलेल्या असतात आणि चौकटींचा वेग बिघडलेला असतो. पुढच्या पायरीत तो नडतो.

‘हेजहॉग’मधलं धुकं नीट बघा. नॉर्श्तेइन यांनी काचेच्या अनेक थरांवर कागदी कातरणं ठेवली, आणि त्यावर पातळ, अर्धपारदर्शक कागद धरून तो एकेका चौकटीला किंचित कॅमेऱ्याकडे उचलत नेला. त्यातून धुकं दाटत गेलं. धुक्यातून घोडा दिसतो तेव्हा तो जवळजवळ हलतच नाही, आणि त्यामुळेच तो त्या हेजहॉगला, म्हणजे अंगावर काटे असलेल्या त्या छोट्या प्राण्याला, खरा वाटतोय की भास, हे शेवटपर्यंत कळत नाही. ‘प्रिंटेड रेनबो’मध्ये म्हातारीचं एकाकी घर रंगहीन आहे आणि तिच्या काड्यापेट्यांवरच्या चित्रांत शिरलं की रंग उसळतात. घरात किती कमी हालचाल आहे आणि पेटीत किती, याकडे लक्ष ठेवा.

प्रत्येक लघुपट दोनदा बघा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. संगीत गेलं की कुठलं चित्र स्वतःच्या पायावर उभं राहतं आणि कुठलं व्हायोलिनच्या खांद्यावर होतं, ते लगेच कळतं.

तिसरी पायरी : चित्रं मोजा

हे थोडं किचकट काम आहे, पण एकदाच केलं तरी डोळा कायमचा बदलतो. लॅपटॉप लागेल.

यूट्यूबवर व्हिडिओ थांबवा आणि कीबोर्डवरची पूर्णविरामाची कळ दाबा. एक चौकट पुढे जाते. स्वल्पविरामाची कळ एक चौकट मागे नेते. स्वतःकडे फाइल असेल तर व्हीएलसीमध्ये ‘ई’ ही कळ तेच काम करते. स्ट्रीमिंग ॲपांवर सहसा असं एकेक चौकट पुढे जाता येत नाही, तिथे दहा सेकंद मागे जाऊन पुन्हा बघण्यावर भागवा.

आधी प्रत किती चौकटींची आहे ते तपासा. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट-क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडलं की रिझोल्यूशनच्या पुढे २४, २५ किंवा ३० असा आकडा दिसतो. २४ असेल तर उत्तम. ३० असेल तर मूळ २४ चौकटींत भर घालून ती केलेली असते, म्हणजे अधूनमधून एखादी चौकट उगाच दोनदा येणार. ती मोजणीत धरू नका. मोजणी पहिल्यांदा चुकते ती बहुतेक यामुळेच.

आता एक साधी हालचाल निवडा : कुणीतरी मान वळवतंय किंवा खाली बसतंय. २४ वेळा कळ दाबा आणि चित्र खरोखर किती वेळा बदललं त्याच्या कागदावर रेघा मारा. बारा रेघा आल्या तर काम टूजवर आहे. आठ आल्या तर थ्रीजवर. सलग दहा-पंधरा चौकटींत काहीच बदललं नाही, तर तो होल्ड सापडला. मग स्वतःला विचारा : त्या क्षणी गोष्टीत काय चाललं होतं? कुणी काही ऐकत होतं, आठवत होतं, उत्तर टाळत होतं, असं निघालं तर होल्ड कमावलेला आहे. फक्त तोंड हलतंय आणि बाकी शरीर पुतळा, तेही पात्रामागून पात्र, असं असेल तर बहुधा बजेट संपलेलं होतं.

वेगांच्या या फरकाचा गोष्टीसाठी कसा वापर होतो, हे बघायला एक लोकप्रिय उदाहरण आहे : ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८). जंगलातल्या झोक्यांच्या प्रसंगात नवशिका माइल्स टूजवर हलतो आणि मुरलेला पीटर वन्सवर. एकाच दृश्यात दोन वेग. माइल्स अडखळतोय हे संवादाविना पोचतं. गंभीर चित्रपटांच्या यादीत कुणी हा धरो न धरो, घरातल्या कॉलेजवयीन मुलांना सोबत घ्यायला मात्र हा प्रसंग फार कामाचा आहे.

चौथी पायरी : हात ओळखा

चित्रपट कशानं केलाय हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखायची सवय लावा. साधन बदललं की स्थिर राहणं सोपं होतं किंवा जवळपास अशक्य होतं.

कागदी कातरणांमध्ये न हलणं फुकट मिळतं, हलवणंच कष्टाचं. लोटे रायनिगर यांचा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद’ (१९२६) काळ्या कागदाच्या छायाकृतींनी केलेला आहे, आणि आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट तोच. पिंगुळीच्या ठाकरांच्या चामडी छायाबाहुल्या पाहिलेल्या मराठी माणसाला त्यातली सांध्यांची हालचाल ओळखीची वाटेल : खांदा, कोपर, मनगट, प्रत्येक ठिकाणी वेगळा तुकडा.

मातीच्या किंवा बाहुल्यांच्या स्टॉप-मोशनमध्ये (वस्तू किंचित हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा हलवायची) बोटांचे ठसे, कापडाचं किंचित थरथरणं दिसतं. सुरेश इरियत यांच्या ‘टोकरी’त मुंबईतल्या बाप-लेकीची साधी गोष्ट आहे, मातीच्या चेहऱ्यावर अपराधी भाव कसा टिकवून धरलाय ते बघा.

काचेवरच्या रंगात मात्र प्रत्येक चित्र आधीचं पुसूनच होतं. मागे जायची सोय नाही. अलेक्झांडर पेत्रोव यांनी ‘द ओल्ड मॅन अँड द सी’साठी (१९९९) अशी २९,००० हून जास्त चित्रं काचेवर, बरीचशी बोटांच्या टोकांनी रंगवली.

‘लव्हिंग व्हिन्सेंट’नं (२०१७) सुरुवात करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. सुमारे ६५,००० चौकटी आणि सव्वाशे चित्रकार. तैलरंगातलं काम थक्क करणारं आहे, वाद नाही. पण आधी नटांवर चित्रण करून त्यावरून रंगवल्यामुळे हालचाल नटांची आहे, आणि प्रत्येक चौकटीत रंगाचे फटकारे बदलत असल्यानं पडदा सतत उकळत राहतो. या उकळण्याला ‘बॉइल’च म्हणतात. नजरेला टेकायला जागा उरत नाही. नवख्या डोळ्यांचं कौतुक अर्ध्या तासात थकव्यात बदलतं. दहा-बारा चित्रपट झाल्यावर बघा, तेव्हा जास्त मिळेल.

पाचवी पायरी : पूर्ण लांबीचे चित्रपट

क्रम महत्त्वाचा आहे. पहिला ‘फ्लो’ (२०२४). लात्वियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, २०२५चं ऑस्कर मिळालेला, ८५ मिनिटांचा, एकही संवाद नसलेला. पुरात सापडलेली मांजर आणि बाकीचे प्राणी. ज्यांच्या सोसायटीच्या तळमजल्यात जुलैमध्ये पाणी शिरतं, त्यांना वेगळं काही सांगायला नको. मांजर कान टवकारून थिजते, त्या जागा शोधत बसा.

दुसरा ‘पर्सेपोलिस’ (२००७, ९६ मिनिटं). मार्जान सत्रापी यांनी स्वतःच्याच चित्रकथेवरून व्हॅन्सॉं पारोनो यांच्यासोबत केला. इराणमधलं बालपण काळ्या-पांढऱ्यात, आजचा विमानतळ रंगात. गर्दीतल्या माणसांना फक्त काळा आकार आणि पांढरा चेहरा आहे, आणि तो तपशील गाळल्यामुळेच ती गल्ली तेहरानची राहत नाही, कुठलीही होते.

तिसरा, घराजवळचा : गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ (२०१९). एकेक चौकट संगणकावर हातानं रंगवलेली. प्रामाणिकपणे सांगायचं तर गोष्ट मधूनमधून विस्कळीत आहे. पण वयस्कर मिस डिसोझा रस्त्यानं चालतात आणि आजची मुंबई ओसरून जुनी, कृष्णधवल मुंबई वर येते, त्या प्रसंगासाठी सगळं माफ.

मग ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८, ८९ मिनिटं), दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. युद्धाच्या अखेरीस जपानमध्ये अनाथ झालेली दोन भावंडं. शेवट पहिल्याच मिनिटात सांगून टाकलाय, त्यामुळे ‘पुढे काय’ हा प्रश्न संपतो आणि माणूस ‘आत्ता काय’ ते बघायला लागतो. पात्रांच्या बाह्यरेषा नेहमीच्या काळ्याऐवजी मुख्यतः तपकिरी आहेत, म्हणून माणसं पार्श्वभूमीपासून तुटत नाहीत. ‘व्हिव्हिड’ मोडवर ही तपकिरी रेष काळीच दिसते. एका लहान मुलीचं खाणं, खेळणं, दमणं इतक्या बारकाईनं काढलंय की ती हळूहळू कमी हलायला लागते, तेव्हा कुणी काही न सांगता पोटात गोळा येतो. लहान मुलांना शेजारी बसवू नका, आणि त्या संध्याकाळी दुसरा कुठला चित्रपट ठेवू नका. जपानमध्ये हा चित्रपट ‘माय नेबर टोटोरो’ या प्रसन्न बालचित्रपटासोबत एकाच तिकिटात प्रदर्शित झाला होता. कुठला आधी लागला असेल त्यावर घरी परतणाऱ्यांचे चेहरे ठरले असणार.

पाचवा ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ (२००८), आरी फोलमन यांचा. १९८२च्या लेबनॉन युद्धातल्या हरवलेल्या आठवणी शोधणारा माहितीपट, आणि तो ॲनिमेशनमध्ये. लोक याला नटांवरून गिरवलेला समजतात. तसा तो नाही. मुलाखतींचं चित्रण संदर्भाला ठेवून चित्रं नव्यानं काढली, आणि हातपाय वेगवेगळे तुकडे करून संगणकावर हलवले. त्यामुळे चालण्याची दृश्यं कृत्रिम, सरकती वाटतात. आमच्या मते ती कमजोरच आहेत. पण जवळून दिसणाऱ्या चेहऱ्यांवर हाच ताठपणा बधिर झालेल्या माणसासारखा बसतो. शेवटचे काही क्षण खऱ्या चित्रफितीचे आहेत आणि ते झेपायला जड आहेत, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

प्रत्येक चित्रपटानंतर एकच प्रश्न घ्या : हेच खरी माणसं घेऊन चित्रित केलं असतं, तर काय गेलं असतं? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर तो चित्रपट कितीही देखणा असो, यादीत खाली टाका.

थिएटरला जायचं तर नजर सतत ठेवावी लागते. असे चित्रपट ठाणे-वाशीच्या मल्टिप्लेक्समध्ये आले तर आठवडाभर, एखाद-दुसऱ्या खेळाला. तिकीट काढताना भाषा नक्की तपासा. एकाच चित्रपटाचे मूळ भाषेतले आणि हिंदी डब केलेले खेळ शेजारी शेजारी दिसतात. त्याशिवाय फिल्म्स डिव्हिजनच्या परंपरेतला मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९०पासून दर दोन वर्षांनी होतो आणि माहितीपट-लघुपटांसोबत ॲनिमेशनला त्यात स्वतंत्र जागा असते.

सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचं असेल तर

आधी परवानगी. घरच्या स्ट्रीमिंग खात्यावरून हॉलमध्ये चित्रपट दाखवणं त्या खात्याच्या अटींत बसत नाही, तिकीट नसलं तरी. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला लेखी विचारा. लघुपटांचे निर्माते बरेचदा साध्या ईमेलवर हो म्हणतात. सार्वजनिक खेळ असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राचाही प्रश्न येतो. नियमित करायचं असेल तर फिल्म सोसायटी काढून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजशी जोडून घ्यावं. फेडरेशन १९५९पासून आहे आणि मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८पासून याच वाटेनं चाललंय.

तीस-पस्तीस माणसांना ८ फूट रुंद चित्र पुरतं. उंची साडेचार फूट होते. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.५ असेल तर तो पडद्यापासून १२ फुटांवर लागेल (रुंदी गुणिले रेशो). हॉलचा खांब नेमका तिथे येत नाही ना, ते आदल्या दिवशी बघा. चित्राची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर घ्या, नाहीतर मागच्यांना सबटायटलच्या जागी पुढच्यांची डोकी दिसतात. पूर्ण अंधारात हजार आन्सी लुमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं प्रमाणित माप) पुरतात, उजेड झिरपत असेल तर अडीच-तीन हजार. खोक्यावर नुसते ‘लुमेन’ लिहिलेले आकडे धरू नका, ‘आन्सी’ शब्द शोधा.

वेळ सूर्यावर ठरवा. मे महिन्यात आपल्याकडे सात वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, म्हणजे साडेसातच्या आधी काचेच्या खिडक्यांचा हॉल निरुपयोगी. डिसेंबरात साडेसहालाही चालतं. पावसाळ्यात वर पत्र्याची शेड असेल तर शांत चित्रपट नकोच. गणपती, नवरात्र आणि शेजारच्या लॉनवरच्या लग्नाच्या तारखा सेक्रेटरींना आधी विचारा. लॅम्पच्या प्रोजेक्टरला छोटा यूपीएस लावा : अचानक वीज गेली की पंखा बंद पडतो, तापलेला लॅम्प तसाच राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं. वीज आली तरी दहा मिनिटं थांबून मग सुरू करा.

मराठी सबटायटल स्वतः करणार असाल तर फाइल साठवताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) निवडा. नाहीतर चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतील. टीव्हीच्या यूएसबी प्लेअरवर जोडाक्षरं बऱ्याचदा फुटतात, म्हणून लॅपटॉपवरूनच चालवा. मागेपुढे झालं तर व्हीएलसीमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी जुळवता येतं.

सहावी पायरी : स्वतः चार सेकंद करा

दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. तेच साहित्य घ्या : दहा-बारा काड्या, काळा कागद, मोबाइल आणि तो टेबलावर सरळ खाली बघत धरेल असा स्टँड. स्टॉप मोशन स्टुडिओसारखं ॲप सेकंदाला १२ चौकटींवर लावा. चार सेकंदांसाठी ४८ फोटो लागतात.

काड्यांचा एक माणूस मांडा. त्याला डावीकडून उजवीकडे वळून बघायला लावायचंय. एकदा हे वळणं ४ फोटोंत करा, मग ६ मध्ये, मग १० मध्ये. प्रत्येक वेळी वळण्याआधी आणि नंतर काहीही न हलवता १२-१२ फोटो काढा, म्हणजे दोन्हीकडे एकेक सेकंदाचा होल्ड. ४ मध्ये तो दचकतो, १० मध्ये विचारात पडून बघतो. मग शेवटचा होल्ड २४ फोटोंचा करून बघा. काड्यांचा माणूस कुणाची तरी वाट बघायला लागेल.

बिघडतं ते बहुतेक उजेडामुळे. खिडकीतला ढग सरकला की चित्र लुकलुकतं, म्हणून पडदे लावून एकाच दिव्यावर काम करा. फोनचा फोकस आणि एक्स्पोजर पडद्यावर बोट दाबून कुलूपबंद करा, नाहीतर हात आत येईल तसा फोन उजेड बदलत राहतो. ट्यूबखाली पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० वर घ्या, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फोटोसाठी फोनला हात लावू नका. इअरफोनचं आवाजाचं बटण बऱ्याच फोनवर शटरचं काम करतं. पंखा बंद ठेवावाच लागतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये हे सकाळी सातच्या आत उरका. एका बैठकीत पूर्ण करा. अर्ध्यावर ठेवून जेवायला उठलात तर टेबलाला कुणाचा तरी धक्का लागतो, आणि तो धक्का चार सेकंदांत सगळ्यांना दिसतो.